विश्वस्त कोणाचे?

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात राज्य सरकारने 2025 मध्ये एक दुरुस्ती केली. तहहयात विश्वस्त एकूण विश्वस्तांच्या एक चतुर्थांशाहून अधिक असू नयेत, असे तिने ठरवले. टाटा ट्रस्टमधल्या वादामुळे हे कलम वृत्तपत्रांच्या मथळ्यात गेले, एरवी वकील आणि सीए यांच्यापलीकडे त्याची कोणी दखल घेतली नसती. दुरुस्ती स्वागतार्हच आहे. एकदा विश्वस्त झालेला माणूस चौघांच्या खांद्यावरूनच पद सोडतो, ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि तिला कुठेतरी लगाम हवाच होता. पण खुर्चीवर किती दिवस बसायचे एवढ्यापुरतीच ही चौकशी झाली. त्या खुर्चीवर कोणाला बसवायचे, हा प्रश्न मात्र सरकारने विचारला नाही आणि संस्थांनीही विचारला नाही.

कोणत्याही सेवाभावी संस्थेचे परिशिष्ट एक उघडून विश्वस्तांची यादी वाचावी. संस्थापक, त्यांच्या पत्नी किंवा बंधू, कॉलेजातले एक स्नेही, निवृत्त सनदी अधिकारी, एक डॉक्टर, एक सीए. अलीकडे सीएसआरचा निधी यायला लागल्यापासून कंपनीतून निवृत्त झालेले एखादे मनुष्यबळ व्यवस्थापकही त्यात असतात. सगळी माणसे भली, बहुतेक जण पदरमोड करणारी. पत्ते पाहिले तर कोथरूड, डेक्कन, दादर, फार तर नाशिकचा कॉलेज रोड. संस्थेचे काम कुठे चालते ते पाहावे, तर धडगाव, अक्कलकुवा, पाटोदा, नाही तर गोवंडीची वस्ती. यादी आणि कामाचा नकाशा एकमेकांना कुठेच शिवत नाहीत. आदिवासींच्या संस्थेत आदिवासी विश्वस्त नाही, अपंगांच्या संस्थेत अपंग नाही, घरकामगारांच्या संस्थेत सगळे घरमालक. हे इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही खटकण्यासारखे आहे असे त्या मंडळींनाही वाटत नाही.

याने प्रत्यक्षात बिघडते काय? बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवणारी एखादी संस्था डोळ्यांपुढे आणू. मंडळाची सभा शहरात भरते. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय क्रमांक चार, पालकसभा. दुसऱ्या सत्रात, म्हणजे जानेवारीत ती घ्यावी असे ठरते. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. जानेवारीत त्या मुलांचे आईबाप कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडच्या नाही तर कर्नाटकातल्या फडात असतात. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या गाव सोडतात आणि हंगाम संपून पट्टा पडल्याशिवाय परतत नाहीत. मुकादमाची उचल अंगावर असताना कोणी पालकसभेसाठी दोन दिवस मोडून येत नसते. सभेला चार आज्या येतात आणि पुढच्या इतिवृत्तात नोंद पडते : पालकांमध्ये शिक्षणाविषयी उदासीनता दिसून येते. त्या उदासीनतेवर उपाय म्हणून मग समुपदेशनाचा एक प्रकल्प लिहिला जातो आणि त्याला निधीही मिळतो. एखादी ऊसतोड बाई त्या टेबलाशी बसलेली असती, तर तिने एका वाक्यात हा सगळा खर्च वाचवला असता.

हा वाद नवा नाही. आपल्याकडे तो फार मोठ्या माणसांमध्ये झाला आहे. पुणे करारानंतर, सप्टेंबर 1932 च्या अखेरीस मुंबईत अस्पृश्यतानिवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था निघाली. तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, ठक्करबाप्पा चिटणीस. सुरुवातीच्या मध्यवर्ती मंडळावर डॉ. आंबेडकर, एम. सी. राजा आणि श्रीनिवासन हे तिघे होते, म्हणजे कागदावर तरी प्रतिनिधित्व होते. तिसऱ्या गोलमेज परिषदेला निघालेल्या आंबेडकरांनी नोव्हेंबरात बोटीवरून ठक्करबाप्पांना एक लांबलचक पत्र लिहिले. संघाने काय करावे याचा तो आराखडाच होता. दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालये असली व्यक्ती सुधारण्याची कामे बाजूला ठेवून पाणवठे, शाळा, रस्ते यांवरच्या हक्कांसाठी गावोगाव मोहीम काढा. नोकऱ्यांची दारे उघडा. आणि कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्य समाजातलेच घ्या. या पत्राला पोचसुद्धा आली नाही, असे आंबेडकरांनी पुढे नमूद केले आहे. मंडळाच्या सदस्याने चिटणिसाला लिहिलेल्या पत्राची ही गत! पुढे ते संघातून बाहेर पडले.

संघाच्या व्यवस्थापनात आम्हाला जागा द्या, असे म्हणत अस्पृश्यांची मंडळी गांधीजींकडे गेली तेव्हा त्यांना मिळालेले उत्तर आंबेडकरांनी 1945 च्या आपल्या पुस्तकात दिले आहे. त्याचा मतलब असा, की अस्पृश्यता हे सवर्णांचे पाप, संघाचे काम हे त्याचे प्रायश्चित्त आणि पैसाही सवर्णांनीच दिलेला. तेव्हा कारभारही त्यांनीच करायचा. ऋणकोने कर्ज कसे फेडायचे ते ऋणको पाहील, धनकोने फार तर सल्लागार समिती नेमून लक्ष ठेवावे. गांधीजींच्या भूमिकेत एक नैतिक धार आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. स्वतःची घाण स्वतः उपसायची म्हटल्यावर ज्याच्या दारात ती टाकली त्याला फावडे धरायला बोलावू नये, हे पटण्यासारखे आहे. पण कर्ज किती आहे आणि ते कोणत्या नाण्यात फेडायचे, हेही ऋणकोनेच ठरवायचे म्हटले की धनकोच्या हाती काय उरते? आंबेडकर पाणवठा मागत होते, संघ शिष्यवृत्ती देत होता. शिष्यवृत्ती वाईट नव्हती, पण ती दिल्याने गावातले कोणीच नाराज होत नव्हते.

आजच्या संस्थांच्या तोंडी पाप-प्रायश्चित्ताची भाषा नसते, मात्र युक्तिवाद तसाच असतो. पैसा देणगीदारांचा, जबाबदारी कायद्याने आमची, म्हणून मंडळ आमचे; लोकांसाठी आम्ही ‘सल्लागार गट’ केला आहेच. हे सल्लागार गट वर्षातून एकदा भरतात, सतरंजीवर बसतात, पोहे खातात आणि वार्षिक अहवालाच्या सातव्या पानावर छापले जातात.

आंबेडकरांचा त्याआधीचा अनुभव पाहिला तर खरी गाठ कुठे आहे ते कळते. विठ्ठल रामजी शिंदे यांनी 1906 मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. शिंद्यांच्या तळमळीविषयी शंका घेणे हा कृतघ्नपणा होईल. हा माणूस अस्पृश्यांच्या वस्तीत बिऱ्हाड करून राहिला. तरीही कायदे कौन्सिलात अस्पृश्यांचे प्रतिनिधी कसे यावेत याविषयी मिशनने जी भूमिका घेतली ती अशी, की सरकारने त्यांना नेमू नये, अस्पृश्यांच्या संस्थांनीही निवडू नये, कौन्सिलच्या सभासदांनी त्यांची निवड करावी. 1920 मध्ये नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेत आंबेडकरांनी याच मुद्द्यावर मिशनविरुद्ध ठराव संमत करून घेतला. प्रतिनिधी असावा यावर दोन्ही बाजूंचे एकमत होते. भांडण होते ते त्याला निवडणार कोण, यावर.

आणि चार वर्षांनी स्वतःची संस्था काढताना त्यांनी काय केले? जुलै 1924 मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, उपाध्यक्षांत रँग्लर परांजपे आणि बाळासाहेब खेर. म्हणजे बाहेरच्यांना मज्जाव मुळीच नव्हता. पण व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः आंबेडकर, चिटणीस शिवतरकर, खजिनदार जाधव. पत्रिकेवर मान थोरामोठ्यांना, तिजोरीच्या किल्ल्या मात्र समाजाकडे. शंभर वर्षांपूर्वीची ही मांडणी आज बहुतेक संस्थांत नेमकी उलटी आढळते. उद्घाटनाला समई लावायला वस्तीतल्या ताई असतात आणि चेकवर सही करायला साहेब.

या ताईंविषयी थोडे बोलले पाहिजे. देणगीदार हल्ली विचारू लागले आहेत, तुमच्या मंडळावर समाजातले कोणी आहे का? त्याला उत्तर म्हणून एक नाव घातले जाते. ते नाव संचालक सुचवतात. साहजिकच बाई समजूतदार, गोड बोलणारी, संस्थेविषयी कृतज्ञ अशी निवडली जाते. तिचा मुलगा संस्थेच्या शाळेत असतो, बचत गटाचे कर्ज संस्थेच्या हमीवर मिळालेले असते. सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला. त्यासाठी ती पहाटेची एसटी पकडते, रोज बुडवते, आल्यावर तिच्यापुढे इंग्रजी अंदाजपत्रकाची चाळीस पाने ठेवली जातात. चर्चा निम्मी इंग्रजीत. शेवटी अध्यक्ष प्रेमाने विचारतात, “ताई, तुम्हाला काही सांगायचंय?” ताई म्हणतात, “नाही सर, चांगलं चाललंय.” तिने दुसरे काय म्हणावे अशी अपेक्षा आहे? आठ जणांत एकटी आणि त्यांच्याच मर्जीने आलेली बाई तिथे पाहुणी असते. घरच्या कारभाराविषयी पाहुण्यांनी बोलू नये, एवढे संस्कार आपल्याकडे सगळ्यांवर झालेले आहेत.

म्हणून आकड्याचा प्रश्न येतो. अमेरिकेत याविषयी एक कायदाच आहे. गरीब वस्त्यांमध्ये संघराज्याच्या अनुदानावर चालणाऱ्या आरोग्य केंद्रांच्या नियामक मंडळात किमान 51 टक्के सदस्य त्या केंद्राचे रुग्णच असले पाहिजेत, असा दंडक आहे. उरलेल्यांतही निम्म्याहून अधिक जण आरोग्यव्यवसायातून मोठी मिळकत असणारे चालत नाहीत. या मंडळाने दर महिन्याला भरायचे. केंद्राच्या वेळा, अंदाजपत्रक आणि मुख्य अधिकाऱ्याची नेमणूक हे सगळे त्याच्या हाती. गिरणीत दिवसपाळी करणाऱ्या माणसाला दवाखाना संध्याकाळी उघडा हवा, हे डॉक्टरला सुचायला वेळ लागतो. रुग्णांचेच बहुमत असले की तो निर्णय एका सभेत होतो.

हा दंडक कुणा सचिवाच्या डोक्यातून निघालेला नाही. 1965 मध्ये बॉस्टनच्या कोलंबिया पॉइंट वस्तीत अशा पहिल्या केंद्रांपैकी एक सुरू झाले आणि पाठोपाठ मिसिसिपीतल्या माउंड बायू या काळ्या लोकांच्या गावी. डॉ. जॅक गायगर तिथे औषधे घेऊन गेले. लोकांनी त्यांना अन्न, विहिरी, संडास आणि रोजगार हवा असल्याचे सांगितले. गायगर यांनी ते ऐकले हे त्यांचे मोठेपण. उपाशी मुलांना चिठ्ठीवर दूध-धान्य लिहून द्यायचे आणि बिल औषधांच्या खात्यात टाकायचे, असा प्रकार सुरू झाला. वॉशिंग्टनहून विचारणा झाली तेव्हा, कुपोषणावर अन्न हेच औषध असल्याचे आपल्या पाठ्यपुस्तकात आहे, असे उत्तर त्यांनी दिले. पुढे गावकऱ्यांनी सहकारी शेतीच काढली.

अमेरिकेचे गोडवे गाण्यासाठी हे सांगितलेले नाही. रुग्णांच्या नावाने मंडळावर येणाऱ्यांतले अनेक जण बऱ्या नोकरीतले असतात आणि दारिद्र्यातल्या नेहमीच्या रुग्णाशी त्यांचे फारसे साम्य नसते, असे तिथल्याच अभ्यासकांनी दाखवले आहे. शिवाय हंगामानुसार फिरणाऱ्या शेतमजुरांसाठीच जी केंद्रे आहेत, त्यांना या बहुमताच्या अटीतून सूट मागता येते. स्थलांतर करणाऱ्याला सभेत धरून ठेवणे तिथेही जमलेले नाही. आमच्या बीडच्या टोळ्यांना हे वाचून आश्चर्य वाटणार नाही.

आणि असे दंडक आपल्याकडे नाहीत असेही नाही. शिक्षण हक्क कायद्याने 2009 मध्ये सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवले. वंचित गटांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा दिल्या. विनाअनुदानित खासगी शाळा त्यातून सुटल्या. अनुदानित शाळांतही ही समिती सल्ल्यापुरतीच राहिली, खरा अधिकार संस्थेच्या मंडळाकडे. म्हणजे पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेला पालकांचे बहुमत सक्तीचे आणि शहरात दहा शाळा चालवणाऱ्या शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीत एकही पालक नसला तरी चालते. अर्थात जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळे आलबेल आहे असे नाही. ठरावाची वही मुलाच्या दप्तरात घालून सदस्य आईच्या सहीसाठी घरी पाठवायची, ही पद्धत गुरुजींना चांगली ठाऊक आहे. पण ज्या गावात चार आया खरोखर बसू लागल्या, तिथे पोषण आहाराच्या तांदळाची पोती मोजली जाऊ लागली.

संस्थांचे आक्षेप ठरलेले आहेत. पहिला म्हणजे, या लोकांना हिशेब कळत नाही. साताऱ्याच्या म्हसवडमध्ये चेतना सिन्हा यांनी बायकांची सहकारी बँक काढायचे ठरवले तेव्हा प्रवर्तक बायका निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने अर्ज नामंजूर केला. बायका साक्षरतेचे वर्ग करून पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला व्याजाचे गणित घाला, तोंडी करून दाखवतो. तुमच्या माणसांनीही यंत्राशिवाय ते करावे. 1997 मध्ये माणदेशी बँकेला परवाना मिळाला. सावकाराकडे आयुष्य काढलेल्या बाईला व्याज कळत नाही, असे फक्त सावकाराकडे कधी जावे न लागलेल्यालाच वाटू शकते.

दुसरा आक्षेप चारित्र्याचा आणि प्रतिष्ठेचा. तो उघड कोणी बोलत नाही, पण मनात असतो. कलकत्त्याच्या सोनागाछीत शरीरविक्रय करणाऱ्या बायकांनी 1995 मध्ये पतपेढी काढली तेव्हा सहकार कायद्यातली सभासदाच्या सच्चारित्र्याची अट आडवी आली. व्यवसाय ‘गृहिणी’ लिहा, नोंदणी करून टाकू, असा सल्ला त्यांना मिळाला. त्यांनी तो नाकारला, आणि शेवटी बदलावे लागले ते कायद्याला. एड्स नियंत्रणाचा तिथला प्रकल्प 1992 मध्ये डॉ. स्मरजित जाना यांनी सुरू केला होता. 1999 मध्ये तो या बायकांच्याच संघटनेकडे गेला. आपल्याकडे सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेच्या कामातून 1996 मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, तीही त्याच वाटेने. एड्सच्या क्षेत्रात हे आधी घडले याला कारण आहे. 1983 मध्येच डेन्व्हर इथे जमलेल्या रुग्णांनी जो जाहीरनामा काढला, त्यात आपल्याला सेवा देणाऱ्या संस्थांच्या संचालक मंडळावर जागा हवी, अशी स्पष्ट मागणी होती. मरणाच्या दारात उभ्या माणसांना सल्लागार समितीत वेळ घालवणे परवडणारे नव्हते.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो सीए मांडतात. विश्वस्ताला किंवा त्याच्या नातलगाला संस्थेच्या उत्पन्नातून लाभ दिला तर आयकरातली सवलत धोक्यात येते. तरतूद योग्यच आहे. ती नसती तर निम्म्या ट्रस्टांची शिष्यवृत्ती विश्वस्तांच्या पुतण्यांना गेली असती. पण तिचा अर्थ, ज्याला आज संस्थेकडून पैसे मिळतात तो आज विश्वस्त होऊ नये, एवढाच घेता येतो. वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेली मुलगी, बरा झालेला रुग्ण, ज्याची मुले आता शाळेत नाहीत असा पालक, शेजारच्या गावचा टोळीतला जाणता माणूस, यांना हा नियम कुठे अडवतो? कर्णबधिरांच्या शाळेतून तीस वर्षांत शेकडो मुले बाहेर पडली, त्यांच्यातला एकही विश्वस्त व्हायच्या लायकीचा निघाला नसेल, तर शाळेने नेमके काय शिकवले?

राजकारण शिरेल, गट पडतील, हा चौथा आक्षेप. शिरेलच. संस्थापकांच्या मुलात आणि पुतण्यात जे चालते त्यालाही राजकारणच म्हणतात. फक्त ते धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अहवालावरच्या हरकतींच्या रूपाने वर्षानुवर्षे चालते.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहत बसण्याची गरज नाही. सभा दोन महिन्यांतून एकदा गावातच घ्यावी, रविवारी घ्यावी, ऊसतोडीच्या संस्थेने पावसाळ्यात घ्यावी. कागद मराठीत, आणि आठ दिवस आधी. येणाऱ्याला एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज द्यावा. विमानाचे तिकीट देताना ज्यांना मानधनाचा प्रश्न पडत नाही, त्यांना रोजाचाही पडू नये. निम्म्याहून अधिक जागा समाजाच्या, त्या ग्रामसभेने, पालकांनी किंवा माजी विद्यार्थ्यांनी भरायच्या, संचालकांनी नव्हे. संस्थेच्या नोंदणीत विश्वस्तपदाच्या उत्तराधिकाराची पद्धत असा एक रकाना असतो. बहुतेक संस्था तिथे ‘घटनेनुसार’ एवढेच लिहून मोकळ्या होतात आणि घटनेत लिहिलेले असते, रिक्त जागा उर्वरित विश्वस्त बहुमताने भरतील. नव्या दुरुस्तीमुळे ज्यांना आपले तहहयात विश्वस्त कमी करावे लागतील, त्यांना घटना उघडावीच लागणार आहे. त्याच बैठकीत हे वाक्यही विषयपत्रिकेवर घेता येईल.